संगणकावर काम करणाऱ्यांचे मनगट : दुखण्याची कारणे आणि उपाय

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग लांबीने फार मोठा नाही. मात्र दूरदर्शन भवन, केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान पीठ, फरीदकोट हाऊसमधील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आणि जुने महाराष्ट्र सदन या संस्था याच रस्त्यावर आहेत. या सर्व ठिकाणी कामाचा मोठा भाग बोटांच्या टोकांनी होतो. बातम्यांचे अनुवाद, सुनावणीची टिपणे, आदेशांच्या प्रती, पत्रव्यवहार आणि नोंदी हे सारे आता कळफलकावरच होते. अशा कामात गुंतलेल्या अनुवादक, लघुलेखक, लिपिक आणि डाटा एंट्री ऑपरेटर यांच्यात मनगटाच्या दुखण्याची तक्रार नेहमी आढळते. हे दुखणे बहुतेक वेळा साध्या उपायांनी आटोक्यात येऊ शकते. परंतु त्याचा एक प्रकार असा आहे की, दुर्लक्ष केल्यास हाताची पकड कायमची कमकुवत होते आणि ज्याची उपजीविका टंकलेखनावर आहे त्याच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर ठरते.

लेखनिकांच्या हाताचे दुखणे संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहे. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया घालणारे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी आपल्या ग्रंथाच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीव आवृत्तीत कारकुनांच्या व्याधींची तीन कारणे दिली होती : सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये यासाठी मनावर येणारा ताण. तीनशे वर्षांनंतरही या यादीत फारसे काही वाढवावे लागत नाही. तारखात्यातील कर्मचाऱ्यांच्या हाताला येणारे पेटके ब्रिटनमध्ये १९०८ साली नुकसानभरपाईस पात्र व्यवसायजन्य रोगांत समाविष्ट करण्यात आले होते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील कार्यालयांमध्ये हात आणि मनगट दुखण्याच्या तक्रारींची अक्षरशः लाट आली होती.

मनगट दुखते असे रुग्ण सांगतो तेव्हा ते नेमके कोठे दुखते हे पाहणे महत्त्वाचे असते, कारण हा एकच आजार नाही. हाताच्या पाठीमागच्या बाजूला, मनगटापासून कोपराच्या दिशेने जाणारा ठसठसणारा थकवा हा बहुधा स्नायू आणि कंडरा यांच्यावरील अतिश्रमाचा परिणाम असतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या दिशेने वाकवताच कळ येत असेल, तर अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाला सूज आल्याची शक्यता असते. फ्रिट्झ द केरव्हेन या स्विस शल्यविशारदांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले असून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्ये तो नेहमी दिसतो. अंगठ्याने मोबाईलवर दीर्घकाळ टंकन करणाऱ्यांनाही तसाच त्रास होऊ शकतो.

तिसरा प्रकार म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम. याचे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे, पण त्याविषयीचे गैरसमजही तितकेच आहेत.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस आठ लहान हाडांनी बनलेली एक पन्हळ असते. तिच्यावर जाड अस्थिबंधाचे छत असते. या अरुंद बोगद्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाचा एक मज्जातंतू हातात उतरतो. हाड ताणले जात नाही, अस्थिबंध फारसा लवचिक नसतो, त्यामुळे आत थोडीशी सूज आली तरी दाब वाढतो आणि दाबाला सर्वांत आधी बळी पडतो तो मऊ मज्जातंतू. मनगट वर किंवा खाली वाकवले की हा दाब आणखी वाढतो. मज्जातंतू दबला की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात किंवा बधिरता येते. करंगळीला मात्र काही होत नाही, कारण तिचा मज्जातंतू वेगळ्या मार्गाने जातो. रात्री झोपेत हे लक्षण बळावते. रुग्ण मध्यरात्री जागा होतो, हात झटकतो आणि त्याला बरे वाटते. ही झटकण्याची सवय निदानाच्या दृष्टीने इतकी बोलकी असते की डॉक्टर ती मुद्दाम विचारतात.

आता हा विकार कळफलकामुळे होतो का, हा प्रश्न उरतो. सर्वसाधारण समजूत तशी असली तरी संशोधनाचे निष्कर्ष इतके सरळ नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत संगणकाचा भरपूर वापर करणाऱ्या २५७ कर्मचाऱ्यांची माहिती घेण्यात आली होती. त्यांपैकी सुमारे ३० टक्के कर्मचाऱ्यांनी हाताला मुंग्या येत असल्याचे सांगितले. लक्षणांच्या आधारे १०.५ टक्के जणांना हा विकार असल्याचे दिसले आणि मज्जातंतूच्या विद्युत चाचणीने त्याला दुजोरा मिळाला तो केवळ ३.५ टक्के जणांमध्ये. हे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येतील प्रमाणासारखेच होते. डेन्मार्कमध्ये सुमारे ७ हजार कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळफलकाचा संबंध आढळला नाही. आठवड्याला २० तासांहून अधिक काळ माऊस वापरणाऱ्यांमध्ये मात्र लक्षणांची शक्यता वाढलेली दिसली.

याचा अर्थ टंकलेखकांची तक्रार काल्पनिक आहे असा मुळीच होत नाही. दुखणे खरेच असते, पण त्यातील बहुतांश दुखणे बोगद्यातील मज्जातंतूचे नसून स्नायू आणि कंडरांचे असते. ज्यांना खरोखर हा विकार होतो त्यांच्यात मधुमेह, थायरॉईडची कमतरता, संधिवात, वाढलेले वजन, गर्भावस्था किंवा मनगटाचे जुने अस्थिभंग अशी कारणे शोधणे आवश्यक असते. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. संगणकाला दोष देऊन रक्तातील साखर तपासायची राहून गेली, तर रुग्णाचे दुहेरी नुकसान होते.

यंत्राचा दोष नसेल तर पूर्वीच्या टंकलेखन यंत्रावर काम करणाऱ्यांचे काय होत असे, असा प्रश्न साहजिकच पडतो. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. त्यानंतर अनेक दशके देशातील कचेऱ्या आणि न्यायालयांच्या आवारात त्याचाच खडखडाट ऐकू येत असे. त्या यंत्राच्या कळा दाबण्यास बराच जोर लागत असे आणि त्याने बोटे दुखतही असत. परंतु प्रत्येक ओळीअखेर दांडा सरकवण्यासाठी हात उचलावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे, कार्बन लावावा लागे, चूक खोडावी लागे. या बारीकसारीक कामांमुळे हाताला आपोआप विसावा मिळत असे. संगणकाने हे सर्व अडथळे दूर केले आणि त्यांच्याबरोबर विसावाही गेला. टंकलेखन वर्गांत पाठ ताठ, कोपर अंगालगत आणि मनगटे यंत्राला न टेकलेली, अशी शिस्त घोटवून घेतली जात असे. संगणकाबरोबर ती शिकवणही मागे पडली, हे अधिक खेदाचे आहे.

देवनागरीत काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे आणि इंग्रजीतील आरोग्यपुस्तिकांत तिचा उल्लेखही नसतो. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. व्यंजन आणि मात्रा यांच्या जोडीमुळे दोन्ही हातांत काम वाटले जाते, ही त्याची जमेची बाजू आहे. मात्र ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही अक्षरे शिफ्ट कळ दाबून काढावी लागतात. मराठीत सतत येणारे ण आणि ळ तसेच श आणि ष यांनाही शिफ्ट लागते. शब्दाच्या आरंभी येणारे अ, आ, इ, उ, ए हे स्वरही त्यातून सुटत नाहीत. ‘आणि’ या साध्या शब्दासाठी दोन वेळा शिफ्ट दाबावी लागते. दिवसभरात हे किती वेळा घडते याचा अंदाज कोणत्याही अनुवादकाला सहज येईल. शिफ्ट दाबण्याचे काम करंगळीकडे असते आणि करंगळी ताणण्यासाठी मनगट बाहेरच्या बाजूला वळते. जुन्या बिगरयुनिकोड टंकांमध्ये काही जोडाक्षरांसाठी आल्ट कळ धरून आकडे दाबावे लागत. तो प्रकार याहून त्रासदायक होता.

यावर दोन उपाय फुकटचे आहेत. पहिला म्हणजे अक्षर ज्या हाताने काढायचे त्याच्या विरुद्ध हाताने शिफ्ट दाबणे. इन्स्क्रिप्टवरील आ आणि ण ही दोन्ही अक्षरे डाव्या हाताची असल्याने त्यांच्यासाठी उजवीकडील शिफ्ट वापरली पाहिजे. अनेक जण सर्व कामे डाव्या शिफ्टनेच करतात, परिणामी एकाच हाताची बोटे फाकतात आणि मनगट वळते. दुसरा उपाय म्हणजे विंडोजमधील स्टिकी कीज ही सोय. शिफ्ट कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की ती सुरू करण्याविषयी विचारणा होते. सुरू केल्यावर शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, एकदा दाबून सोडली की पुढचे अक्षर शिफ्टचे उमटते. ही सोय अपंग व्यक्तींसाठी तयार केलेली आहे, म्हणून ती वापरण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. २०१७ नंतर मराठीत बोलून मजकूर उतरवण्याची सोयही उपलब्ध झाली आहे. विशेषनामे आणि कायद्याच्या परिभाषेत ती अजून चुकते, तरी पहिला खर्डा बोलून करून दुरुस्त्या हाताने केल्यास कळा दाबण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

बैठकीचा विचार केल्याशिवाय मनगटाचा विचार पूर्ण होत नाही. सरकारी कचेऱ्यांतील बरीच मेजे लेखणीने लिहिण्यासाठी केलेली असतात. संगणकासाठी ती उंच पडतात, विशेषतः ठेंगण्या व्यक्तींना. मेज उंच असले की खांदे वर चढतात आणि मनगटे मेजाच्या कडेवर टेकून मागे वाकतात. खुर्ची उंच करून पायांखाली पाट, ठोकळा किंवा जुन्या कागदांचा गठ्ठा ठेवला तरी काम भागते. कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ राहील इतकी कळफलकाची उंची असावी. कळफलकाच्या मागच्या बाजूला असलेले लहान पाय उघडून तो तिरपा करण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्यामुळे अक्षरे नीट दिसतात, पण मनगट मागे वाकते. ते पाय मिटून ठेवणे हिताचे आहे. मनगटाखाली ठेवण्याची मऊ उशी टंकन करताना दाबून धरण्यासाठी नसते, थांबलेल्या वेळात हात टेकण्यासाठी असते. चालू कामात तिच्यावर मनगट रेटले तर नेमका बोगद्यावरच दाब पडतो.

माऊसकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांचा संच असल्याने माऊस लांब जातो आणि त्याला गाठण्यासाठी दंड बाहेर पसरावा लागतो. ज्यांना आकड्यांचे काम नाही त्यांनी आकडे नसलेला आखूड कळफलक वापरावा. माऊस मुठीत घट्ट धरू नये, मनगट टेकवून केवळ बोटांनी फिरवण्याऐवजी कोपरापासून हात हलवावा. कॉपी, पेस्ट आणि जतन करण्याची कामे कळांनी करावीत. काही दिवस माऊस डाव्या हाताने वापरून पाहण्यासही हरकत नाही, सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकत्र असल्याने मान किंवा मनगट यांपैकी एकाला त्रास होणार हे ठरलेलेच असते. २०२० च्या टाळेबंदीत घरच्या पलंगावर बसून काम करणाऱ्या अनेकांना त्याचा अनुभव आला. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून त्याला स्वतंत्र कळफलक जोडणे हा त्यावरचा स्वस्त तोडगा आहे.

तथापि सर्वोत्तम खुर्चीदेखील विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेच्या कर खात्यातील डाटा एंट्री कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन सुट्यांखेरीज ज्या तासांत सुटी नसे त्या तासांत पाच मिनिटांची, म्हणजे दिवसाकाठी एकूण २० मिनिटांची, जादा विश्रांती त्यांना देण्यात आली होती. हात, मान आणि डोळ्यांचा त्रास कमी झाला आणि काम मात्र घटले नाही. वेळ कमी मिळूनही नोंदींची संख्या कायम राहिली. कामाच्या मध्ये उठणाऱ्या कर्मचाऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात घेण्यासारखा आहे.

भारतात आयुष मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी पाच मिनिटांच्या योगविरामाचे वाय-ब्रेक हे मोबाईल अ‍ॅप सुरू केले आणि केंद्र सरकारच्या खात्यांना त्याचा प्रसार करण्यास सांगण्यात आले. मनगटाच्या संदर्भात योगाभ्यासाची एक चाचणी अमेरिकेत झाली असून तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्पल टनेलच्या ४२ रुग्णांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे आसने शिकवण्यात आली. त्यांच्या वेदना कमी झाल्या आणि पकड सुधारली, परंतु मज्जातंतूच्या विद्युत चाचणीत विशेष फरक पडला नाही. म्हणजे योगाने आराम पडतो, पण दबलेला मज्जातंतू मोकळा होतो असा दावा यावरून करता येत नाही. मुठी मिटणे-उघडणे, खांदे गोल फिरवणे, हात लांब करून बोटे हलकेच मागे ओढणे हे प्रकार दर तासाला करण्यास सोपे आहेत. मुंग्या वाढत असतील तर ताण देणे थांबवावे. हातांवर शरीराचा भार येणारी आसने दुखण्याच्या काळात टाळावीत.

कार्यालय सुटले म्हणजे हाताचे काम संपले असे बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत घडत नाही. कणीक तिंबणे, पोळ्या लाटणे, विळीवर नारळ खोवणे, कपडे पिळणे या सर्व कामांत मनगट वाकवून जोर लावावा लागतो. दिवसा टंकन आणि सकाळ-संध्याकाळ लाटणे अशा चक्रात मनगटाला सावरण्यास सवडच मिळत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर ही कामेही सांगितली पाहिजेत आणि दुखणे असेपर्यंत घरातील इतरांनी ती वाटून घेतली पाहिजेत. कपडे पिळण्याचे काम तर घरातील कोणत्याही पुरुषाला सहज जमण्यासारखे आहे.

दुखणे सुरू झाले की पहिले काही दिवस त्रास देणारे काम कमी करणे, दिवसातून तीन-चार वेळा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावणे आणि वेदनाशामक मलम चोळणे एवढ्याने पुष्कळदा भागते. जुनाट, आखडलेल्या दुखण्याला कोमट शेक बरा वाटतो. दिल्लीच्या जानेवारीतील थंडीत कामाला बसण्यापूर्वी हात कोमट पाण्यात धरले तर बोटे मोकळी होतात. घट्ट क्रेप बँडेज बांधून दिवसभर टंकन करणे मात्र अयोग्य आहे. बोगद्यात दाब असताना बाहेरून आणखी दाब देण्यासारखे ते होते.

मुंग्या येण्याचा त्रास असेल तर मनगट सरळ ठेवणारी आधारपट्टी रात्री झोपताना बांधण्याचा सल्ला प्रथम दिला जातो. औषधाच्या दुकानात ती सहज मिळते. ती किमान सहा आठवडे नियमाने वापरली पाहिजे, दोन रात्री बांधून सोडून देण्याने काही साध्य होत नाही. वेदनाशामक गोळ्यांचा या विकारात विशेष उपयोग होत नाही आणि त्या दीर्घकाळ घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. स्टेरॉईडचे इंजेक्शन काही आठवडे ते काही महिने आराम देते. मानेतील मणक्यांपाशी मज्जातंतू दबला तरी हाताला मुंग्या येतात, त्यामुळे निदान डॉक्टरांकडूनच करून घेणे आवश्यक आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सीजीएचएसच्या आरोग्य केंद्रांतून तज्ज्ञांकडे जाता येते.

कंत्राटी टंकलेखकाची स्थिती वेगळी असते. त्याला रजेचा पगार नसतो, पानांवर किंवा पाळीवर पैसे मिळतात आणि मनगट दुखते असे सांगितल्यास दुसरा माणूस तयार असतो. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते. परीक्षा जवळ आली की अनेक उमेदवार एक तासाचा सराव एकदम पाच तासांवर नेतात. कंडरांना सूज येण्याचे हे हमखास कारण असते. सराव रोज थोडा थोडा वाढवणे आणि मध्ये विश्रांती घेणे यानेच वेग टिकतो. कंत्राटी कामगारांना रजा नसली तरी तासाला पाच मिनिटे देण्यास कार्यालयाला काहीही खर्च येत नाही.

बोटांची बधिरता दिवसाही कायम राहू लागली, शर्टाची बटणे लावताना किंवा सुईत दोरा ओवताना अडचण येऊ लागली, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर विलंब न करता अस्थिरोग किंवा मज्जाविकार तज्ज्ञांकडे जावे. त्या अवस्थेत आधारपट्टीवर अवलंबून राहणे धोक्याचे असते, कारण एकदा वाळलेला स्नायू पूर्ववत भरून येईलच असे नाही. अशा वेळी अस्थिबंधाचे छत कापून मज्जातंतू मोकळा करण्याची लहानशी शस्त्रक्रिया केली जाते. ती बहुधा केवळ हात बधिर करून होते आणि रुग्णाला त्याच दिवशी घरी जाता येते. रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा लवकरच थांबतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात, हलके टंकन काही आठवड्यांत सुरू करता येते आणि हाताची पकड पूर्ववत होण्यास काही महिने लागतात.